गड्याचा भाव, बाईचा भाव: कामाच्या जागी समानता म्हणजे नक्की काय

आंब्याचा सीझन आला की आमच्या पट्ट्यात बहुतेक बागांमध्ये मजुरीचे दोन भाव ठरतात, गड्याचा एक आणि बाईचा एक, आणि बाईचा कमी असणार हे वेगळं सांगावंसुद्धा लागत नाही. इतकं अंगवळणी पडलंय की त्यावर कोणी हुज्जत घालत नाही, बायकाही घालत नाहीत. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं, गडी झाडावर चढतो, झेल्याने आंबे उतरवतो, भरलेले क्रेट टेम्पोत चढवतो, बाईला ते जमणार आहे का? बरं, झाडावर चढणाऱ्याला जोखमीचे चार पैसे जास्त द्या, माझी काहीच हरकत नाही. पण त्याच शेडमध्ये बाईच्या शेजारी बसून पेट्या भरणारा जो पोरगा असतो, जो झाडावरही चढत नाही आणि क्रेटही उचलत नाही, त्याला कुठला भाव मिळतो? गड्याचाच. म्हणजे जास्तीचे पैसे चढण्याचे नव्हतेच, पुरुष असण्याचे होते.

'जेंडर इक्विटी' म्हणजे स्त्री-पुरुषांना न्याय्य वागणूक, 'डायव्हर्सिटी' म्हणजे कामावर सगळ्या तऱ्हेची माणसं असणं, असले शब्द ऐकले की आपल्याकडे लोकांना वाटतं हे पुण्या-बेंगळुरूच्या आयटी कंपन्यांचं काहीतरी असणार, आपल्या कोकणात त्याचं काय. पण काजूची फॅक्टरी, मच्छीची जेट्टी, होमस्टे, पतसंस्था, लोट्याची एमआयडीसी, पंचायत समितीचं ऑफिस, जिथे माणसं कामाला आहेत तिथे हा प्रश्न आहेच, फक्त आपण त्याला त्या नावाने हाक मारत नाही. म्हणून जरा सविस्तर, आपल्याच उदाहरणांनी समजून घेऊ.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. राज्यघटनेच्या कलम ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे राज्याचं धोरण असावं असं लिहिलंय, आणि १९७६ साली त्यासाठी समान मोबदला कायदा आला. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेलाय आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यात सरळ म्हटलंय की एकच काम किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर मजुरीत लिंगावरून फरक करता येणार नाही, आणि कामावर घेतानाही करता येणार नाही. काम सारखं आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, तर त्याला लागणारं कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी यावरून. म्हणजे पेटी भरणारी बाई आणि पेटी भरणारा पोरगा यांना दोन वेगळे भाव देणं हा नुसता अन्याय नाही, ते बेकायदेशीर आहे.

यावरची एक केस मला फार महत्त्वाची वाटते आणि ती मुंबईचीच आहे. मॅकिनन मॅकेंझी नावाची जहाज कंपनी, तिथे साहेबांकडे काम करणाऱ्या लेडी स्टेनोग्राफर होत्या आणि बाकीच्या कामात पुरुष स्टेनोग्राफर होते, बायकांना पगार कमी. ऑड्री डिकॉस्टा या बाई त्याविरुद्ध लढल्या. कंपनीचं म्हणणं, या बायका गोपनीय काम करतात म्हणजे यांचं काम वेगळं, शिवाय युनियनबरोबर तसा करार झालाय, शिवाय कंपनी तोट्यात आहे, परवडत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८७ साली यातलं एकही कारण मान्य केलं नाही. कोर्टाने सांगितलं की बारीकसारीक फरक काढत बसायचं नाही, दोघं मुळात काय काम करतात ते बघायचं, आणि परवडत नाही हे बायकांना कमी पगार देण्याचं कारण होऊच शकत नाही. 'परवडत नाही' हे वाक्य आपण किती ऐकतो, त्याला चाळीसएक वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे.

आता पुढची गोष्ट जरा अवघड आहे, इथे थोडं थांबू.

काजूची फॅक्टरी घ्या, वेंगुर्ला-सावंतवाडीकडे या फॅक्टऱ्यांवर कितीतरी घरं चालतात. तिथे बॉयलरवर, ड्रायरवर, पोती उचलायला साधारणपणे पुरुष असतात. बी फोडायला, गराची साल काढायला आणि ग्रेडिंगला बहुतेक सगळ्या बायका. कटरवर बसलेली बाई एका हाताने बी पात्यांच्या मध्ये बरोबर आडवी धरते, पायाने पेडल दाबते, टरफल उघडलं की टोकदार पात्याने गर काढते, आणि तो अख्खा निघायला हवा, कारण अख्ख्या गराचा आणि तुकड्याचा भाव यात जमीनअस्मानाचा फरक आहे. टरफलातलं तेल लागलं की कातडं उततं, म्हणून बोटांना आधी एरंडेल नाहीतर राख चोळून बसायचं. ग्रेडिंगवाली बाई तर नुसत्या नजरेने १८०, २४०, ३२० असे नंबर वेगळे करते, एका पौंडात किती गर बसतात त्यावरून हे नंबर ठरतात, म्हणजे नंबर जितका लहान तितका गर मोठा आणि महाग. मालकाचा नफा या बायकांच्या बोटांवर आणि डोळ्यांवर उभा आहे. तरी बऱ्याच ठिकाणी बॉयलरवाल्याला महिन्याचा पगार आणि या बायकांना किलोवर पैसे, ज्या दिवशी माल नाही त्या दिवशी काहीच नाही. मी एकदा एका काजूवाल्या मावशींना विचारलं की असं का, तर म्हणाल्या, "माका काय विचारतंस, मालकाक विचार." मालकाला विचारलं तर तो म्हणाला बॉयलर म्हणजे टेक्निकल काम आहे.

इथे वर सांगितलेला कायदा फारसा कामाला येत नाही. कारण बॉयलर चालवणं आणि गर काढणं ही 'सारख्या स्वरूपाची' कामं नाहीत, ती वेगळीच आहेत, त्यामुळे तुलनाच होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५१ चा १०० नंबरचा करार आहे, भारताने तो १९५८ साली मान्य केलेला आहे, आणि त्यात मोजमाप जास्त मोठं आहे, काम वेगळं असलं तरी त्याचं मोल सारखं असेल तर मोबदला सारखा. म्हणजे दोन्ही कामं शेजारी ठेवायची आणि विचारायचं, शिकायला किती दिवस लागतात? चूक झाली तर नुकसान किती? अंगाला त्रास किती, कंबर धरते का, हात उततात का, डोळे जातात का? असं प्रामाणिकपणे मांडलं तर गर काढणारी बाई बॉयलरवाल्याच्या खाली राहील असं मला अजिबात वाटत नाही. पण आपल्याकडे उलटं होतं, जे काम बायकांकडे जातं ते 'हाताला सवय असलेलं' म्हणून साधं ठरतं आणि जे पुरुषांकडे जातं ते टेक्निकल ठरतं, आणि एकदा असं ठरलं की पगारातला फरक कुणाच्या डोळ्यावर येत नाही कारण तुलनेला तिथे दुसरं कोणी बसलेलंच नसतं. पगारातली तफावत जगभर टिकून राहते त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आइसलँडमध्ये काय झालं ते सांगतो, कारण तोही मासेमारीवर जगलेला देश. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या साधारण ९० टक्के बायकांनी एक दिवस सगळी कामं बंद ठेवली, ऑफिसातली पण आणि घरातली पण. मच्छी फॅक्टऱ्या बंद पडल्या कारण मासे साफ करायला आणि पॅक करायला बायकाच होत्या, शाळा बंद, टेलिफोन बंद, बापांना पोरं घेऊन ऑफिसला जावं लागलं. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला, आणि १९८० साली त्यांनी विग्डिस फिनबोगादोत्तिर या बाईंना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं. तरीही पगारातला फरक पूर्ण गेला नाही, म्हणून २०१८ पासून त्यांनी आणखी एक कायदा लागू केला, २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने स्वतः सर्टिफिकेट घेऊन दाखवायचं की आमच्याकडे समान मोलाच्या कामाला समान पगार आहे. मला यातली ग्यानबाची मेख ही वाटते की सिद्ध करायची जबाबदारी बाईवरून उचलून मालकावर टाकली. आपल्याकडे एकट्या बाईने पुढे यायचं, तक्रार करायची, कोर्टात जायचं, आणि गावात सगळे सगळ्यांना ओळखत असताना हे करायचं, म्हणजे किती जणी करणार?

पगाराचं एवढं पुरे. आता नियमांकडे येऊ, कारण बराचसा भेदभाव कुणाच्या मनात नसतो, तो नियमात बसलेला असतो.

एसटीची वस्तीची गाडी सगळ्यांना माहितीये. संध्याकाळी डेपोतून सुटते, रात्री शेवटच्या गावात थांबते, सकाळी पहिली फेरी करत परत येते. पूर्वापार पद्धत ही की ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच किंवा गावातल्या एखाद्या पडवीत झोपतात, आंघोळ विहिरीवर. ही पद्धत ठरवली तेव्हा कंडक्टर बाई असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, कुणी मुद्दाम बायकांच्या वाईटावर होतं असं नाही. आता बाई कंडक्टर झाली आणि ड्युटी सगळ्यांना सारखी लावायची म्हटलं तर कागदावर एकदम समान आहे, पण त्या बाईने रात्री कुठे झोपायचं? दुसरा सोपा मार्ग म्हणजे बायकांना वस्ती लावायचीच नाही, मग पुरुष सहकारी म्हणणार आम्हालाच का रात्रीच्या ड्युट्या, आणि त्यांचंही चूक नाही. तिसरा मार्ग खर्चाचा आहे, वस्तीच्या गावात ग्रामपंचायतीशी बोलून एक नीट खोली, कडी असलेलं दार, संडास-बाथरूम. आणि ते झालं की पुरुष कंडक्टरही पडवीतून खोलीत येतो. इक्विटी म्हणतात ते हेच, सगळ्यांना एकच नियम लावून मोकळं न होता तो नियम कुणाला डोळ्यासमोर ठेवून केलाय हे बघायचं आणि गरज असेल तिथे काम किंवा जागा बदलायची.

रात्रपाळीचंही तसंच. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांना रात्री काम द्यायलाच बंदी होती, संध्याकाळी ७ ते सकाळी ६. हेतू संरक्षणाचा, पण परिणाम काय, तर शिफ्टमध्ये चालणाऱ्या कारखान्यात बाईला घ्यायलाच नको. कामाच्या जागच्या सुरक्षिततेबद्दलच्या २०२० च्या संहितेत आता बाईची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर रात्रीचं काम देता येतं. केमिकलच्या प्लांटमधून रात्री ११ ला सुटलेली मुलगी चिपळूणच्या आतल्या वाडीत पोचणार कशी, हे मालकाने ठरवायचं आहे. गाडी नाही आणि नुसती संमती लिहून घेतली तर त्याला काही अर्थ नाही.

आणि संडास. हे बोलायला लोक लाजतात म्हणून मी मुद्दाम लिहितोय. एका बंदरावर मच्छीच्या लिलावाला पहाटेपासून बसणाऱ्या बायका मला सांगत होत्या की त्या पाणीच कमी पितात, कारण जायला जागा नाही. पुरुष आडोसा बघतात. मग लघवीचे त्रास, मूतखडे, मग डॉक्टरचा खर्च, आणि तो खर्च कुठल्याच मजुरीच्या हिशोबात धरलेला नसतो.

बाळंतपणाचा विषय सगळ्यात जास्त गैरसमजाचा आहे. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते बायकांच्या कामाचा आणि कमाईचा दोनशे वर्षांचा अभ्यास केल्याबद्दल, आणि त्यांनी दाखवलं की आजच्या काळात शिकलेल्या मुलगा-मुलीच्या पगारातला फरक मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर रुंदावतो. शिक्षण तेवढंच, नोकरी तीच, पण मूल झालं की एकजण कधीही बोलावलं तर जाऊ शकतो आणि दुसरी जाऊ शकत नाही, आणि पगार वाढतो तो कधीही जाणाऱ्याचा. आपल्याकडे १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, त्यात २०१७ साली बदल होऊन पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर सक्तीचं झालं. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. या रजेसाठी बाईचं आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे, कायमची नोकरीच हवी असं नाही, हे बऱ्याच कंत्राटी बायकांना माहितीच नसतं.

पण अडचण अशी की जिथे ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू नाही तिथे या रजेचा सगळा पैसा मालकाच्या खिशातून जातो. असा छोटा कारखानदार मग मनातल्या मनात हिशोब करतो आणि लग्नाच्या वयाची मुलगी इंटरव्ह्यूलाच गाळतो, तोंडाने काही न बोलता. हा पेच नवीन नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेचं बिल आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव आपल्याच मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यांनी बिलाला पाठिंबा देताना सांगितलं होतं की बाळंतपणात आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि हा भार खरं तर बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा, पण सरकार उचलत नाही म्हणून बायकांना काहीच मिळू नये हे योग्य नाही, मालकालाही त्यांच्या कामाचा फायदा मिळतोच. १९२९ ला तो कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. जवळपास शंभर वर्षं होतील आणि खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न तिथेच आहे. माझं मत विचाराल तर सरकारने लहान मालकांसाठी यातला मोठा वाटा उचलला पाहिजे, आणि बापालाही रजा सक्तीची केली पाहिजे, म्हणजे इंटरव्ह्यू घेणाऱ्याला मुलगा आणि मुलगी यांच्यात असा हिशोबच करता येणार नाही.

कारण घरचं काम वाटलं गेल्याशिवाय बाहेरच्या कामातलं काही सुटत नाही. सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास. पाणी, चूल, भांडी, सासूचं औषध हे सगळं उरकून ती बाई सात वाजता जेट्टीवर येते आणि तिथे नाखवा म्हणतो बायका दमतात लवकर.

जेट्टीवरून आठवलं, कुणाचं काम 'काम' म्हणून मोजलं जातं हाही यातलाच भाग आहे. बोट नवऱ्याच्या नावावर, डिझेलची सवलत बोटीवर, मच्छीमार म्हणून ओळख त्याची. पण मासळी उतरल्यावर ती निवडणं, बर्फात लावणं, लिलावात भाव करणं, पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव विकणं, उरलेली खारवणं, बोंबील आणि जवळा सुकवणं, हे घरच्या बाईचं, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्या सुक्यावरच चूल पेटते. तिला विचारलं काय करता तर म्हणते काही नाही, घरीच असते. सरकारच्या रोजगाराच्या सर्वेक्षणातही देशभरात कामात धरलेल्या बायकांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त बायका घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतनीस म्हणून नोंदल्या जातात. आणि नोंद मदतनीस म्हणून झाली की कर्ज नाही, विमा नाही, सोसायटीत मत नाही.

आणि हे कुठे, तर कोकणात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि बायका इथे शेती, गुरं, कोर्टकज्जे, लग्नकार्यं एकटीने सांभाळत होत्या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत आणि सिंधुदुर्गात १०३६, त्याचं मोठं कारण हे स्थलांतरच. मनीऑर्डरवर घर चालवणाऱ्या या बायकांना व्यवहार कळत नाही असं म्हणणं मला सहन होत नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, होडी त्याच वल्हवतात, झाडांची माहिती त्याच देतात. संधी आणि थोडं भांडवल मिळालं, एवढंच. केंद्राच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे आणि बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत. लोक म्हणतात हा पुरुषांवर अन्याय. पण बोट, घर, सातबारा आधीपासून ज्यांच्या नावावर आहे त्यांना बँक दारात उभी करते, आणि जिच्या नावावर काहीच नाही तिला स्वतःचा हिस्सा उभा करतानाच नाकी नऊ येतात, तर सुरुवातीचा फरक थोडा भरून काढायला हे २० टक्के आहेत. फक्त ते खरोखर तिच्याच धंद्यात जातायत ना, नुसतं तिचं नाव वापरून नवऱ्याची बोट होत नाहीये ना, हे अधिकाऱ्यांनी बघायला हवं.

डायव्हर्सिटी म्हणजे फक्त बायकाही नव्हेत. कातकरी बाईला कामावर बायकांच्यातही सगळ्यात शेवटचं काम मिळतं. अपंग माणसांसाठी २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत, तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, पण आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या दुकानात तृतीयपंथी व्यक्ती काउंटरवर बसलेली मी अजून बघितलेली नाही.

शेवटी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल, कारण हे माहीत नसल्यामुळे मुली नोकरी सोडून घरी बसतात. राजस्थानातल्या भंवरीदेवी या बाई आपल्या गावात बालविवाह थांबवण्याचं सरकारी काम करत होत्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, त्यातून पुढे आलेल्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९९७ ला असा छळ रोखण्यासाठी 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ ला कायदा झाला. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. नसेल तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड. आणि आपल्याकडे तर बहुतेक धंदे १० माणसांच्या आतले, बाग, हॉटेल, दुकान, घरकाम, तर त्यांच्यासाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरीही, जिल्ह्यात स्थानिक समिती असते. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, रत्नागिरी किंवा ओरोसला, जायलाच पाहिजे असं नाही, तालुक्याला नोडल अधिकारी नेमलेला असतो, त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, कारण योग्य असेल तर आणखी तीन महिने मिळतात, चौकशी ९० दिवसांत संपवायची. तक्रार लेखी लागते, पण बाईला लिहिता येत नसेल तर ती लिहून द्यायला समितीने मदत करायची, हेही त्याच कायद्यात आहे.